इन्स्पेक्टर घरमालकाला काय सांगू शकतो?

प्रश्न: नमस्कार. आम्ही न्यूयॉर्क राज्यात, लाँग आयलंडवर हिक्सव्हिलला घर घेतोय. १९५३ सालचं केप, म्हणजे उतरत्या छपराचं दीड मजली घर आहे, तळघर फिनिश केलेलं. ऑफर मान्य झाली आणि शनिवारी घराचं इन्स्पेक्शन, म्हणजे तपासणी ठरली. गुरुवारी रात्री इन्स्पेक्टरनं चार पानी करार सहीसाठी पाठवला. त्यात लिहिलंय की, घरात जिवाला किंवा आरोग्याला तातडीचा धोका दिसला तर तो घरमालकाला सांगायला आमची संमती आहे. साडेसहाशे डॉलर आम्ही मोजायचे आणि माहिती समोरच्या पार्टीला? शिवाय जिथे सहज पोचता येईल तेवढंच बघणार आणि इंजिनिअरिंगचं काही सांगणार नाही, असंही आहे. मग बघणार काय? एजंट म्हणते, सगळेच सही करतात. नवऱ्याचंही तेच. सासरे पुण्याहून आलेत, ते म्हणतात मंडळातले एक कॉन्ट्रॅक्टर ओळखीचे झालेत, ते फुकट बघून देतील, हे खूळ हवंच कशाला? चार पानं वाचणारी घरात मी एकटीच. माझंच काही चुकतंय का?
— एक वाचक, हिक्सव्हिल

उत्तर: चुकत काहीच नाही. शनिवार गाठायचा होता म्हणून मुद्द्याचं तेवढं मी ईमेलनं लगेच कळवलं होतं. पण या विषयावर दर वसंतात पत्रं येतात, म्हणून आता सविस्तर लिहिते, शनिवार अजून यायचाय असं धरूनच.

तुमच्या हातातल्या चार पानांत दोन वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेला मजकूर एकत्र शिवलेला आहे. काही ओळी न्यूयॉर्क राज्यानं घालायला लावलेल्या आहेत आणि उरलेल्या इन्स्पेक्टरनं, म्हणजे खरं तर त्याच्या वकिलानं, स्वतःच्या बचावासाठी घातलेल्या आहेत. गंमत अशी की तुम्ही ज्या ओळींवर अडलात त्या पहिल्या प्रकारातल्या आहेत. त्या खोडता येत नाहीत, आणि खोडण्यासारखं त्यांत काही नाहीही. भांडायचंच असेल तर ते दुसऱ्या प्रकारावर, आणि त्याबद्दल तुमच्या पत्रात अवाक्षर नाही!

आधी सरकारी ओळी. न्यूयॉर्कमध्ये बरीच वर्षं कुणीही हातात टॉर्च घेऊन होम इन्स्पेक्टर म्हणवून घ्यावं, असा कारभार होता. ३१ डिसेंबर २००५ पासून परवाना सक्तीचा झाला. रिअल प्रॉपर्टी लॉमधलं आर्टिकल १२-बी ते हेच. १४० तासांचं प्रशिक्षण, त्यातले ४० तास परवानाधारक इन्स्पेक्टरच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष घरांमध्ये, वर परीक्षा, आणि मग राज्याच्या डिपार्टमेंट ऑफ स्टेट या खात्याचा परवाना. परवाना खरा आहे की नाही ते त्यांच्या वेबसाइटवर नाव टाकून दोन मिनिटांत बघता येतं, तेवढं कराच. याच कायद्याखालच्या नियमांनुसार इन्स्पेक्शनआधी लेखी करार हवा, त्यात काय काय बघणार आणि पैसे किती हे स्पष्ट हवं, आणि काही ठरावीक निवेदनं हवीत. त्या निवेदनांचा सारांश असा: इन्स्पेक्टरला राज्याचा परवाना आहे, तो सहज पोचता येण्याजोग्या आणि प्रत्यक्ष दिसलेल्या गोष्टींबद्दलच लिहू शकतो, इंजिनिअर किंवा आर्किटेक्टचं काम करायची त्याला परवानगी नाही, आणि तातडीचा धोका दिसला तर मालकाला किंवा घरात राहणाऱ्यांना सांगायला ग्राहकाची संमती आहे. थोडक्यात, तुम्ही ज्यावर अडलात ते सगळंच.

आता समोरच्या पार्टीचं. घराची तपासणी म्हणजे तुमच्या पैशानं, तुमच्यासाठी काढलेली माहिती. ती तुमच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगायची नाही, असं बंधन इन्स्पेक्टरवर असतं. हे बंधन चांगलंच आहे, पण एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. इन्स्पेक्टर तळघरात उतरतो. बॉयलरचा धूर चिमणीत नेणारा पत्र्याचा पाइप कोपरावर सांध्यातून निसटलाय. फट दोन बोटांची, आसपासच्या भिंतीवर काजळी. म्हणजे बॉयलर चालू झाला की कार्बन मोनॉक्साइड चिमणीतून न जाता घरात पसरणार. त्याला वास नाही, रंग नाही. वरच्या मजल्यावर मालकाचं कुटुंब झोपतं. लाँग आयलंडवर तर तळघरात भाडेकरू असणंही नवलाचं नाही. अशा वेळी इन्स्पेक्टरनं काय करायचं? आधी ग्राहकाला फोन लावून संमती मागायची? तुम्ही मीटिंगमध्ये असलात तर? म्हणून राज्य ही संमती आधीच लिहून घेतं. ग्यास गळती, निसटलेला धुराचा पाइप, हाताला लागेल अशी उघडी जिवंत वायर, या जातीच्या गोष्टींपुरतीच ती आहे. छपराची वर्षं भरत आली, तळघरात ओल आहे, खिडक्या बदलायला झाल्या, यातलं काहीही मालकाला सांगायची मुभा त्यातून मिळत नाही. ते तुमचंच राहतं, आणि किंमत खाली आणायला तेच कामाला येतं.

उलट मालकाला कळलं तर तुमचं थोडं भलंच होतं. न्यूयॉर्कमध्ये घर विकणाऱ्यानं आपल्याला माहीत असलेल्या दोषांचं निवेदन, प्रॉपर्टी कंडिशन डिस्क्लोजर स्टेटमेंट, खरेदीदारानं घरखरेदीच्या कॉन्ट्रॅक्टवर सही करण्यापूर्वी द्यायचं असतं. एकदा धोका तोंडावर सांगितला गेला की उद्या तुम्ही बाजूला झालात तरी पुढच्या गिऱ्हाइकाला 'आम्हाला काही ठाऊकच नव्हतं' असं म्हणायची सोय मालकाकडे उरत नाही.

या निवेदनाबद्दल जरा विषयांतर करते, कारण जुनी माहिती अजून फिरते आहे. कित्येक वर्षं मालक हे निवेदन देतच नसत. त्याऐवजी व्यवहाराच्या वेळी खरेदीदाराला ५०० डॉलरची सूट द्यायची पळवाट कायद्यातच होती, आणि वकील मंडळी आपल्या अशिलांना बिनदिक्कत तेच सुचवायची. २० मार्च २०२४ पासून ती पळवाट बंद झाली आणि फॉर्ममध्ये पुराविषयीचे प्रश्नही वाढले. तुमच्या मंडळातल्या कुणी पाच-सहा वर्षांपूर्वी घर घेतलं असेल तर ते सांगतील, 'छे, असलं काही मिळत नाही.' आता मिळतं. कायद्यानं ते कॉन्ट्रॅक्टवर सही होण्याआधी द्यायचं. तुम्ही इन्स्पेक्शनच्या आधीच मागा. तळघरात पाणी आलं होतं असं मालकानं लिहिलं असेल तर इन्स्पेक्टरला नेमकं कुठे वाकून बघायचं ते कळेल. घर १९७८ च्या आधीचं असल्यामुळे शिशाच्या रंगाबाबतचा जाहीरनामा आणि ईपीए या पर्यावरण खात्याची पुस्तिकाही तुम्हाला मिळायलाच हवी, पण ती जबाबदारी विकणाऱ्याची आणि एजंटची. त्यात इन्स्पेक्टरचा संबंध नाही.

सहज पोचता येईल तेवढंच बघणार, हे वाचून तुम्हाला फसवणूक वाटली. पण घर अजून दुसऱ्याचं आहे. इन्स्पेक्टर भिंत फोडू शकत नाही, गालिचा उचकटू शकत नाही, कपाट सरकवणं त्याच्यावर बंधनकारक नाही. छपरावर चढणं धोक्याचं असेल तर तो खालून दुर्बिणीतून बघेल. तुमच्या घरात खरी अडचण आहे ती फिनिश केलेल्या तळघराची. प्लास्टरबोर्डच्या मागे मूळ भिंत आहे. तिला तडा असेल, पाण्याची रेघ असेल, वाळवीनं खाल्लेली कडीची लाकडं असतील, ते तिथून दिसतच नाही. अहवालात तिथे 'दिसलं नाही' असं येईल आणि ते प्रामाणिक असेल. म्हणून कुठल्याही अहवालात न बघितलेल्या भागांची यादी आधी वाचावी, दोषांची नंतर.

यातलं बरंच काही तुमच्या हातात असतं, आणि लोक नेमकं तेच विसरतात. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी एजंटकडून मालकाला निरोप द्यायचा: विजेच्या पॅनेलसमोरची खोकी हलवा, माळ्यावर जायच्या झडपेखालचं कपड्यांचं स्टँड बाजूला घ्या, बॉयलर आणि पाणी चालू ठेवा, बाहेरचं गराज उघडं ठेवा. हा एक निरोप गेला नाही म्हणून 'माळा बघता आला नाही' असे अहवाल मी पुष्कळ वाचलेत. १९५० च्या दशकातल्या घराचा माळा बघायचा राहिला तर छपराबद्दलचं निम्मं कळायचं राहिलं.

इंजिनिअरिंगची ओळही सरळ आहे. तळघराच्या भिंतीत आडवी चीर दिसली आणि भिंत आत फुगल्यासारखी वाटली, तर इन्स्पेक्टर ते लिहील, फोटो देईल आणि परवानाधारक इंजिनिअरला दाखवा म्हणेल. भिंत पडेल का, तुळई बदलायची का, हे ठरवणं त्याचं काम नाही. ते करायचा त्याला अधिकारच नाही. काही जण मुळात इंजिनिअरकडूनच तपासणी करून घेतात. न्यूयॉर्कमध्ये परवानाधारक इंजिनिअर आणि आर्किटेक्टना होम इन्स्पेक्टरचा वेगळा परवाना लागत नाही. पैसे जास्त पडतात. साध्या केपसाठी आधी इन्स्पेक्टर, आणि त्याला काही खटकलं तर इंजिनिअर, एवढं पुरे असं माझं मत.

आता दुसऱ्या प्रकारच्या ओळी. बहुधा तिसऱ्या-चौथ्या पानावर, बारीक टायपात सापडतील. तिथे एक कलम असतं: इन्स्पेक्टरकडून काही चूक झाली तर त्याची जबाबदारी जास्तीत जास्त तपासणीच्या फीइतकी. म्हणजे त्याच्या नजरेतून गळकं छप्पर सुटलं, तुम्हाला पंधरा हजारांचा खर्च आला, तर परत मिळणार साडेसहाशे. हे राज्यानं घालायला लावलेलं नाही. 'सगळेच सही करतात' हे एजंटचं वाक्य या कलमापुरतं मला मुळीच पटत नाही.

नदीपलीकडे न्यू जर्सीत याच प्रश्नावर २००४ साली लुसिए विरुद्ध विल्यम्स हा निकाल लागला. पहिलंच घर घेणारं तरुण जोडपं, ३८५ डॉलर फी, आणि करारात जबाबदारीची मर्यादा ५०० डॉलर किंवा फीच्या निम्मे यांतली जी कमी ती. म्हणजे १९२ डॉलर ५० सेंट. राहायला गेल्यावर छप्पर गळू लागलं, दुरुस्तीचा अंदाज हजारांत गेला. तिथल्या अपील न्यायालयानं ते कलम अन्याय्य ठरवून बाजूला सारलं: इतक्या नाममात्र जबाबदारीत काळजीपूर्वक काम करायचं कारणच उरत नाही, असा त्यांचा रोख होता. न्यू जर्सीत इन्स्पेक्टरला किमान ५ लाख डॉलरचा एरर्स अँड ओमिशन्स, म्हणजे कामातल्या चुका आणि राहून गेलेल्या गोष्टींसाठीचा, विमाही ठेवावा लागतो. कॅलिफोर्नियात तर गंमतच आहे. तिथे इन्स्पेक्टरला राज्याचा परवानाच नाही, पण जबाबदारी फीपुरती मर्यादित करणारं कलम कायद्यानंच बाद ठरवलंय. तेव्हा न्यू जर्सीतल्या एडिसनच्या वहिनींनी किंवा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या मित्रानं 'असली कलमं कोर्टात टिकत नाहीत' असं छातीठोक सांगितलं तर ते त्यांच्या राज्यापुरतं खरं आहे, तुमच्या नाही. न्यूयॉर्कमधली न्यायालयं अशी मर्यादा सहसा मान्य करतात. ढोबळ, अक्षम्य निष्काळजीपणा सिद्ध केलात तरच ती मोडते, आणि तो सिद्ध करणं महाकठीण.

मग करायचं काय? इन्स्पेक्टरला फोन करा आणि सरळ विचारा: ही मर्यादा वाढवता का? जादा फी घेऊन का होईना? एरर्स अँड ओमिशन्स विमा आहे का, त्याचं सर्टिफिकेट पाठवता का? चांगला इन्स्पेक्टर या प्रश्नांनी दुखावत नाही. मर्यादा हलवायला तो तयार नसेल आणि माणूस एरवी नावाजलेला असेल, तर डोळे उघडे ठेवून सही करायलाही हरकत नाही. मग तपासणीकडे विम्यासारखं बघायचं नाही, इतकंच. करारात आणखी दोन गोष्टी शोधा. दावा किती महिन्यांत करायचा ती मुदत, आणि दोष सापडल्यावर दुरुस्ती करायच्या आधी इन्स्पेक्टरला बघू द्यायचं हे कलम. दुसरं कलम रास्त आहे, पण लोक घाईघाईत प्लंबर बोलावून काम उरकतात आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात.

हे सगळं गुरुवारी रात्री आलं, ही तुमची तक्रार मात्र शंभर टक्के खरी. करार अपॉइंटमेंट घेतानाच मागायचा असतो. तो तुमच्या वकिलालाही पाठवा. न्यूयॉर्कच्या या भागात घर घेताना दोन्ही बाजूंना वकील असतोच, आणि चार पानांवर नजर टाकायला तो नाही म्हणणार नाही.

एजंटबाई वाईट आहेत असं नाही, पण त्यांचं कमिशन व्यवहार पुरा झाल्यावर मिळतं हे विसरू नका. मॅसॅच्युसेट्समध्ये या कारणासाठी विकणाऱ्याच्या एजंटनं विशिष्ट इन्स्पेक्टरचं नाव सुचवणंच कायद्यानं बंद केलंय. तिथे १५ ऑक्टोबर २०२५ पासून आणखी एक नियम आला: खरेदीदारानं तपासणीचा हक्क सोडावा या अटीवर मालकाला ऑफर स्वीकारता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये असं काही नाही. तेव्हा इन्स्पेक्टरचं नाव एजंटकडून आलं असेल तर निदान आणखी एकाशी बोला.

सासऱ्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांच्या हिशेबात घर घेणं म्हणजे इंडेक्स टू, सोसायटीची एनओसी, आणि वरच्या बाथरूमची ओल छताला आली आहे का ते स्वतः मान वर करून बघणं. महाराष्ट्रात घराची परवानाधारक तपासणी हा प्रकार नाही. नव्या इमारतीत रेराच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा घेतल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर असते. रीसेल फ्लॅटला तेही नाही. अमेरिकेतलं जुनं स्वतंत्र घर म्हणजे पाया, छप्पर, बॉयलर, ड्रेनेज, सगळं एकट्याच्या गळ्यात. सोसायटी नाही, सिंकिंग फंड नाही. कॉन्ट्रॅक्टर काकांना शनिवारी सोबत जरूर न्या. चार अनुभवी डोळे जास्त. पण त्यांनी फुकट बघितलं म्हणजे जबाबदारीही शून्य. आणि त्यांना पुढे दुरुस्तीचं काम मिळण्याची आशा असेल तर त्यांच्या 'हे बदलावंच लागेल'मधून थोडं वजा करून ऐका. हाच न्याय इन्स्पेक्टरलाही: दोष शोधून ते दुरुस्त करायचं कामही तोच मागू लागला, तर निमूट दुसरा माणूस बघायचा.

तुमच्या घरासाठी इन्स्पेक्टरच्या करारात नसलेल्या काही गोष्टी वेगळ्या करून घ्याव्या लागतील. सगळ्यात महत्त्वाची म्हणजे जमिनीत पुरलेली तेलाची टाकी. त्या काळची इथली पुष्कळ घरं हीटिंग ऑइलवर चालायची. पुढे कुणी ग्यास घेतला, कुणी टाकी तळघरात आणली, पण जुनी अंगणात तशीच राहिली. बाहेरून घराच्या भिंतीलगत चक्कर मारा. गवतातून वर आलेला झाकणाचा आखूड पाइप आणि जवळच वाकवलेल्या तोंडाचा दुसरा बारीक पाइप दिसला की समजायचं. आत बॉयलरजवळ फरशीतून वर येऊन ठेचून बंद केलेली तांब्याची नळी हीसुद्धा तीच खूण. पुरलेलं काहीही शोधणं होम इन्स्पेक्टरच्या कामात येत नाही. त्यासाठी टाकी शोधणारे वेगळे लोक यंत्र घेऊन येतात. गळलेली टाकी निघाली तर माती उपसण्याचा खर्च घराच्या नव्या मालकाच्या बोकांडी बसतो. सोबत वाळवीची तपासणी आणि ड्रेनेजच्या पाइपात कॅमेरा घालणं हेही करून घ्या. गावात सार्वजनिक गटार आलं तेव्हा अंगणातला जुना सेसपूल, म्हणजे सांडपाण्याचा खड्डा, नीट भरला होता का, हेही मालकाला विचारा. पोकळ राहिलेला सेसपूल खचतो.

तळघराचा आणखी एक पैलू. इन्स्पेक्टर परवानग्या तपासत नाही. तिथे बाथरूम किंवा बाहेर उघडणारं वेगळं दार असेल तर ते बांधायला टाउन ऑफ ऑयस्टर बेकडून मंजुरी घेतली होती का, हे वकिलाला आत्ताच काढायला सांगा. ऐन क्लोजिंगला, म्हणजे व्यवहार पुरा करायच्या दिवशी, हे उघड झालं की महिनोन्‌महिने घोळ चालतो.

आणि शनिवारी स्वतः जा. तीन तास मोडतात, पण अहवालातल्या पन्नास फोटोंपेक्षा पॅनेलसमोर उभं राहून ऐकलेली पाच मिनिटं जास्त कळतात. लाँग आयलंडवर साधारणपणे इन्स्पेक्शन आधी आणि कॉन्ट्रॅक्टवर सही नंतर होते, दहा टक्के रक्कमही तेव्हाच द्यायची असते. म्हणजे अहवाल हातात येईल तेव्हा तुम्ही कशानंही बांधलेल्या नसाल. तो अख्खा अहवाल एजंटला फॉरवर्ड करू नका. आधी वकिलाला पाठवा, आणि मालकाकडे किंमत कमी करायला ज्या तीन-चार गोष्टींचा आधार घेणार असाल तेवढीच पानं पुढे जाऊ द्या.